आईला आणायचंय

हुमनाबादला हायवेच्या कडेला आमची अँब्युलन्स उभी असते. तिच्यावर मी नर्स आहे. लोकांना वाटतं, आमचं काम म्हणजे सारखं रक्त आणि आरडाओरडा. तसं नसतं. निम्मा दिवस वाट बघण्यात जातो, आणि येणाऱ्या फोनांतले काही चक्क पोरांचे असतात. कुणी नुसतं खिदळतं, कुणी "हॅलो, हॅलो" करून ठेवून देतं. एकदा एका पोरीनं मला विचारलं होतं, कुत्र्याच्या पिल्लाला ताप आलाय, गाडीत घेता का? अशा फोनांचा मला राग येत नाही. पण गाडी पळवत न्यावी आणि तिथं कुणीच आजारी नसावं, म्हणजे मात्र डोकं फिरतं. माझंही एकदा फिरलं होतं, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

तुरीच्या राशी चालल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. दुपारी कंट्रोल रूममधून फोन आला. तिथली बाई कानडीत म्हणाली, "लहान मुलगी आहे, मराठी बोलतेय, मला नीट कळेना. आईचं काहीतरी आहे. तुम्हीच बोला." तिनं दिलेल्या नंबरावर मी फोन लावला.

"कोण बोलायलंय?"

"मी."

"काय झालंय बाळा?"

"आईला आणायचंय. गाडी घिऊन या."

"आईला काय व्हायलंय?"

"तिला बाळ झालंय. लई बारीक हाय म्हणं."

"घरात मोठं कोण हाय?"

"आजी हाय. तिला ऐकू येत न्हाई."

गावाचं नाव तिनं नीट सांगितलं. शाळेच्या मागं, निळ्या दाराचं घर. मी ड्रायव्हरअण्णांना म्हटलं, बाई घरीच बाळंत झालीया, बाळ कमी वजनाचं दिसतंय, चला. अण्णा वयानं मोठे, एरवी खड्डा चुकवत सावकाश चालवणारे. त्या दिवशी त्यांनी एकही खड्डा चुकवला नाही. मागं बसून मी बाळंतपणाचं सामान काढलं, बाळाला गुंडाळायचं कापड मांडीवर घेऊन ठेवलं.

निळ्या दारात सात-आठ वर्षांची मुलगी उभी होती, शाळेच्या फ्रॉकमध्ये. गाडी थांबली तशी ती आमच्याकडं न येता थेट मागच्या बाजूला पळाली. मी आतून दार उघडलं, तर ती पायरीवर चढून माझ्या बाजूनं आत बघायला लागली. स्ट्रेचर बघितलं, बाक बघितलं. मग मला विचारलं, "आई कुठं हाय?"

"ते मी तुला विचारायले," मी म्हटलं आणि घरात शिरले.

घरात कुणी नव्हतं. मागच्या अंगणात म्हातारी तुरीच्या काटक्या काठीनं बडवत बसली होती. मी तिच्या कानाशी जाऊन ओरडले, "सून कुठं हाय तुमची?"

"बिदरला," ती म्हणाली. "मोठ्या दवाखान्यात. बाळंत झालीया. कामून? काय झालं वो बाई?" आणि माझा पांढरा कोट बघून काठी टाकून उठायला लागली.

काही झालं नाही, हे तिला समजावेपर्यंत अण्णांनी बाहेरून हाक मारली. एका ढाब्यावर लॉरी ड्रायव्हरच्या छातीत दुखायला लागलं होतं, आणि तो ढाबा आम्ही उभे असतो तिथून हाकेच्या अंतरावर होता. आता आम्ही वीस मिनिटं लांब होतो.

मी बाहेर येऊन त्या पोरीचा दंड धरला. "पुन्हा फोन केलास तर पोलीस येतील आन तुला धरून नेतील. समजलं?"

ती रडली नाही. अण्णांनी मागचं दार लावलं, ते लागेपर्यंत ती त्या दाराकडं बघत राहिली.

ढाब्यावर पोचलो तेव्हा लोक त्या माणसाला जीपमध्ये घालायच्या बेतात होते. आम्ही त्याला घेतलं, ऑक्सिजन लावला, बिदरला पोचवलं. तो वाचला. परत येताना अण्णा एवढंच म्हणाले, "अक्का, जाग्यावर असतो तर पाच मिनिटांत गेलो असतो." त्या पोरीला आणखी चार शब्द सुनावायला हवे होते, असंच तेव्हा माझ्या मनात होतं.

दोन दिवसांनी ड्यूटीवर आले तेव्हा कळलं, त्याच नंबरावरून आणखी दोनदा फोन आले होते. आता पलीकडून कुणी बोलत नव्हतं, नुसता श्वास ऐकू यायचा. गाडीच्या वहीत त्या नंबरापुढं कंट्रोल रूमचा शेरा लिहिलेला होता, 'खोडकर. गाडी पाठवू नये.' ते वाचून मला कसंतरी झालं. घरात बहिरी म्हातारी आणि एक पोर. उद्या म्हातारी खरंच पायरीवरून पडली, तर? आणि फोनवर ती पोर गप्प का राहायली, तेही मला ठाऊक होतं. मीच तिला पोलिसांचं भेव घातलं होतं.

दुपारच्या चहाच्या वेळी मी माझ्या फोनवरून तो नंबर लावला. बराच वेळ वाजला, मग उचलला गेला.

"मी गाडीवरची अक्का बोलायले," मी म्हटलं. "भिऊ नको. पोलीस न्हाईत येत. मी उगंच म्हणले होते."

श्वास.

"मला एकच सांग. आमाला फोन कामून करायलीस?"

"मी तुमाला न्हाई करत," ती हळूच म्हणाली. "मी आईला करायले. ह्या फोनमधून दुसरं कायबी लागत न्हाई. खाली तांबडी अक्षरं हायत, तेवढीच लागतेत."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. फोन तिच्या आईचा होता, घाईत घरी राहिलेला. त्याला कुलूप होतं, रेघ ओढून उघडायचं. ती रेघ पोरीला माहीत नव्हती. कुलूप न काढता, ती 'इमर्जन्सी'ची तांबडी अक्षरं दाबून, त्या फोनमधून फक्त आमच्याकडं फोन लागत होता.

"आई बिदरला हाय," ती सांगायला लागली, आता थोडी मोकळी होऊन. "तुमच्याच गाडीनं नेलं. मी बघितलंय. तुमी नेलाव तर तुमीच आणून सोडा की."

आईला नेलं त्या दिवशी गाडीवर दुसरी माणसं होती, आमची ड्यूटी नव्हती. पण गाडी तीच. पहिल्या दिवशी ती मला म्हणाली होती, आईला आणायचंय. मी ऐकलं, आईला दवाखान्यात आणायचंय. पोरीनं एक शब्द खोटा सांगितला नव्हता.

"उद्या दुपारी फोन वाजला तर उचल," मी म्हटलं. "आईच बोलंल."

बोलून बसले आणि मग धास्तावले. आईचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं.

माझं घर नौबादला, बिदरला लागूनच. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, तर सकाळची कामं उरकून मोठ्या दवाखान्यात गेले. कमी वजनाच्या बाळांचा वॉर्ड वरच्या मजल्यावर. बाहेरच्या व्हरांड्यात आया बसलेल्या असतात, दर दोन तासांनी दूध पाजायला आत जातात. मी गावाचं नाव घेऊन विचारलं. एक सडपातळ बाई उठून उभी राहिली, सोबत तिची आई. पांढरा कोट नसतानाही माझ्याकडं बघून तिचा चेहरा उतरला.

"घरी समदं बरं हाय," मी आधी तेच सांगितलं. "तुमचा फोन कुठं हाय?"

"मालक घिऊन गेले असतील," ती म्हणाली. तिचा नवरा लॉरीवर होता, हैदराबादला जाता-येता दवाखान्यात डोकावून जायचा. त्याला वाटत होतं फोन बायकोकडं आहे. बायकोला वाटत होतं त्याच्याकडं. आणि फोन घरी त्यांच्या पोरीकडं होता. ती शाळेत असताना तो घरात वाजला तरी म्हातारीला कधी ऐकूच गेला नाही.

मी सगळं सांगितलं, पोलिसांचंसुद्धा. ती माझ्यावर चिडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "तिला वाटलं असंल, मी तिला टाकून आले," आणि पदरानं तोंड झाकून घेतलं. पोर शाळेत असताना कळा सुरू झाल्या, दिवस भरायच्या आधीच. दुपारच्या जेवणाला पोर घरी आली तर आई गाडीत चढत होती. तिच्याशी बोलायला कुणाला सवड नव्हती. मग मोठ्यांनी ठरवलं, पोरीला सांगून काय कळणार.

मी नंबर लावून फोन तिच्या हातात दिला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"व्हय गं, मीच," आई म्हणाली. नंतर बराच वेळ ती नुसती "हं, हं" करत होती. मला वाटलं पोर रडत असेल. पण आई एकदम हसली आणि म्हणाली, "पत्र्याच्या पेटीत बघ, साड्यांच्या खाली." फोनवर हात ठेवून तिनं मला सांगितलं, "निळा फ्रॉक सापडंना म्हणायली. शाळंत गॅदरिंग हाय."

नंतर तिनं पोरीला बाळाचं सांगितलं. भाऊ आहे, काचेच्या पेटीत ठेवलाय, नाकात नळी आहे, वजन वाढलं की घरी यायचं. काहीच लपवलं नाही. फोन उघडायची रेघ कशी ओढायची तेही सांगितलं, बापाचा नंबर पाठ करून घेतला. शेवटी म्हणाली, "आन त्या तांबड्या अक्षरांला हात लावू नको. आजी पडली, आग लागली, तरच. काय? तरच."

संध्याकाळी मी कंट्रोल रूमला फोन करून त्या नंबराची हकिकत सांगितली. तिथल्या बाईनं सगळं ऐकून घेतलं. "माझी धाकटीपण एवढीच आहे," ती म्हणाली, आणि शेरा काढायची व्यवस्था केली.

बाळाला अजून तीन आठवडे लागले. मध्ये एकदा त्याला कावीळ झाली, तेव्हा मी धास्तीनं दोनदा वॉर्डात जाऊन आले. पण ते तरलं. बाळंतिणीला घरी सोडणारी गाडी वेगळी असते, त्यामुळं आईला परत आणायला आम्ही नव्हतो.

पुढं उन्हाळ्यात, एका पेशंटला त्याच गावात सोडून परतताना मी अण्णांना निळ्या दारापाशी थांबायला सांगितलं. अण्णाही उतरले. पोर दारातच होती. मला बघून ती आईच्या मागं सरकली. मी उंबऱ्यावर बसले. आईनं पाणी दिलं, म्हातारीनं सगळ्यांची चौकशी केली, मोठमोठ्यानं. थोड्या वेळानं पोर आतून दुपट्यात गुंडाळलेला भाऊ घेऊन आली, दोन्ही हातांनी धरून, पाऊल मोजून टाकत. तो आता चांगला गुबगुबीत झाला होता.

मी हात पुढं केले.

"आधी हात धुवा," ती म्हणाली. "साबणानं. दवाखान्यात सांगितलंय."

अण्णा हसायला लागले. मी उठून मोरीकडं गेले. ती मागून बघत होती, कोपरापर्यंत धुतेय की नाही ते.