अँटेनाची पाठ आणि अंगणवाडीचा खांब

सकाळी साडेआठ. सिन्नर रस्त्यालगत सुनंदाताईंचं झेंडूचं शेत. रेडिओवर नुसती खरखर. हॅम रेडिओवाल्यांकडे, म्हणजे हौसेनं बिनतारी संपर्क साधणाऱ्यांकडे, इतके किस्से साचतात ते यामुळेच. समोरचं स्टेशन ऐकू येत नाही तोवर आपसात बोलण्यावाचून इलाज नसतो!

आम्ही तिघं. मी, आयुष्यभर बातमीदारी आणि भांडणं केलेला. कांबळे सर, फिजिक्सचे निवृत्त शिक्षक. आणि सुनंदाताई. त्यांच्या बांधावर बांबूंना ताणलेली चौकोनी तार, तीच आमची अँटेना. तारेत एक रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारा छोटा भाग, असतो. तो नेमका जुळवला, की अँटेनाला पाठीमागचं ऐकू येत नाही. मग खरखरीकडे तिची पाठ करायची, की झालं काम. म्हणे!

*

सर अँटेनापाशी रेझिस्टरचा नॉब फिरवत होते, मी रेडिओपाशी. "बास! गेली खरखर!" मी ओरडलो. सर खूश होऊन बाजूला झाले. खरखर परत! सर जवळ गेले, पुन्हा गायब. सर स्वतःच अँटेनाचा भाग झाले होते.

"सर, तिथंच उभे राहा!"

"किती वेळ?"

"आता कायमचेच!"

*

दुसऱ्या दिवशी सर लांब उभे, तरी एकदम शांतता. सरांनी पेढे मागवले. तेवढ्यात सुनंदाताई विहिरीकडून आल्या.

"मोटर बंद पडली. लाईट गेली ना!"

आमचा रेडिओ बॅटरीवर. आम्हाला पत्ता कुठला! लाईट आली, खरखरही आली. म्हणजे दुखणं विजेच्या लाईनवर होतं. पेढे मात्र संपले होते.

*

मग रेझिस्टर नीट जुळवला. खरखर मावळेपर्यंत अँटेना फिरवली आणि तिची पाठ कुठं आहे ते पाहिलं. बांबू शेताच्या दुसऱ्या टोकाला रोवून तिथूनही तेच केलं. दोन्हीकडून पाठीच्या दिशेनं धरलेल्या रेषा एकाच खांबावर मिळाल्या. खांब अंगणवाडीच्या दाराशी. जवळ गेलो तर वर चरचर आवाज, मधूनच ठिणगी.

सर आणि मी टाळी देणार, तर सुनंदाताईंचा चेहरा उतरलेला.

"सर, तुमचा रेडिओ गेला खड्ड्यात. माझी नात बसती तिथं."

*

वीज कार्यालयातले साहेब हसले. "रेडिओत खरखर येते म्हणून खांबावर माणूस चढवू?"

"रेडिओ सोडा! ठिणग्या उडताहेत, खाली पोरं आहेत!" मी आवाज चढवला.

"दुसऱ्या कुणाची तक्रार नाही."

"साहेब, नातीला धाडू का नको, तेवढंच सांगा," सुनंदाताई म्हणाल्या.

साहेबांनी घाईनं फोन उचलला. तो वाजलाच नव्हता!

*

परवा अखेर माणसं आली. शिडी, दोर, हातमोजे, सगळं घेऊन. सर धावले. "खांब तिकडं आहे!"

"खरखरीची तक्रार ना? आम्हाला शेताचा पत्ता दिलाय."

त्यांनी बांबू उपटले, तार गुंडाळून सरांच्या हातात दिली आणि गेले. तासाभरात मोबाइलवर मेसेज आला: तक्रारीचे निवारण झाले आहे.

सुनंदाताई आता नातीला शेतात घेऊन बसतात. बाकीची मुलं अंगणवाडीत येतात. वर चरचर चालू आहे.