बालाजीनं दिलेले केस

हे अजून कुणाजवळ बोललो नाही — बायकोजवळसुद्धा नाही. माझ्या केसांची कुणी तारीफ केली की मी विषय बदलतो, एवढंच तिला माहीत.

बऱ्हाणपूरला साड्यांच्या दुकानात मी काम करतो. तिथे चारही बाजूंनी आरसे. गिऱ्हाईक पदर बघायचं, मी माझं टक्कल. बत्तिसाव्या वर्षीच! दोन मुलींकडून नकार आलेला — कारण कुणी सांगितलं नाही, पण मला काय कळत नव्हतं?

शेवटी इंदूर गाठलं. तिथे आधी डोक्याचा गोटा केला, मग मागच्या बाजूचे केस मुळासकट एकेक काढून पुढे रोवले — मिरचीची रोपं लावतात तसे. सुईनं डोकं बधिर झालेलं, मी नुसता तरंगत होतो. डोळे मिटले की तापीचं संथ, हिरवट पाणी दिसायचं, आणि त्यात मी — भरगच्च केसांचा. फार सुख वाटत होतं. ते तरी का लपवू?

फोन बंद ठेवला होता. त्याच दिवसांत माझी थोरली बहीण, ताई, टायफॉइडनं दवाखान्यात होती. मला माहीत होतं. हो — निघण्याआधीच माहीत होतं. पण मिळालेली तारीख सोडवेना. आई गेल्यावर जिनं मला वाढवलं, ती तिकडे तापानं फणफणत होती.

पंधरा दिवसांनी दापोऱ्याला तिच्या घरी गेलो. माझी टोपी तिनंच काढली, आणि गोटा बघून तिचा चेहरा उतरला. "कोन गेलं रे भाऊ?"

माझ्या तोंडून निघून गेलं — तिरुपतीला गेलो होतो, तुझ्यासाठी नवस बोललो होतो. एका वाक्यात सगळं झाकलं — गोटा, बंद फोन, दवाखान्यात न येणं. ताई रडायला लागली. मला लाज वाटली, आणि सुटल्यासारखंही वाटलं.

वर्षभरात केस आले. टकलावरसुद्धा! ताईनं गावभर सांगितलं, बालाजीनं माझ्या भावाला दुपटीनं दिलं. राखीला ओवाळून झालं की ती माझ्या डोक्यावरून हात फिरवायची. तेव्हा सांगता आलं नसतं का?

तापानंतर तिचे स्वतःचे केस गळत होते. कमरेपर्यंतची जाड वेणी बोटाएवढी बारीक झाली. एक दिवस तिचा फोन आला — दाजींबरोबर तिरुपतीला चालले, मीही केस देते, मलाही तो देईल. तो शेवटचा मोका होता. मी म्हणालो, जाऊन ये, ताई.

त्यालाही आता दोन वर्षं झाली. तिचे केस आले ते विरळच, मधून टाळू दिसते. ती डोक्यावरचा पदर खाली येऊ देत नाही.

परवा दापोऱ्याला गेलो होतो. चहा पुढे ठेवत ती म्हणाली, "तुझी श्रद्धा खरी होती रे भाऊ. माझीच कमी पडली असन."

मी चहा प्यायलो आणि पाचच्या बसनं परत आलो.