चौघांची एकच बॅग आणि सईची संध्याकाळची गोळी

क्रूझला जायचं हे सईच्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये ठरलं. सई म्हणजे आमची लेक, सहावीत आहे. दोन वर्षांपूर्वी तिला पहिल्यांदा फिट आली, आणि तेव्हापासून आमचं फिरणं रामटेकच्या पुढे गेलं नाही. शाळेची सहल निघाली की मी काहीतरी कारण काढून तिला घरी ठेवायचे. यंदा तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, "वर्षभर काही झालेलं नाही. गोळ्या सकाळ-संध्याकाळ वेळेवर द्या, आणि पोरीला जरा मोकळं सोडा." सईने तिथल्या तिथे विचारलं, "मग मी जहाजावर जाऊ शकते?" ते म्हणाले, "का नाही?" झालं! बापलेकीने त्याच संध्याकाळी बुकिंग केलं, आणि मला जी धास्ती लागली ती थेट गोव्यापर्यंत टिकली.

तुमच्यापैकी कुणी जाणार असेल तर कामाचं आधी सांगते. मुंबईहून गोवा आणि परत, अशी आमची छोटी सफर होती. चौघांना एक केबिन मिळते: खाली दोन पलंग, वर भिंतीतून उघडणारे दोन. बिनखिडकीची घ्या, स्वस्त पडते, आणि आत बसतं कोण? जेवणखाण तिकिटातच येतं, इंटरनेटचे मात्र वेगळे आणि भरपूर पैसे घेतात. नागपूरहून मुंबईला विमानाने जाणार असाल तर सामानाचं वजन घरीच करून घ्या, काउंटरवर बॅगा उघडून बसायची हौस नसेल तर.

मी वजन केलं, चारदा केलं. मला काळजी लागली की माझे हात कामाला लागतात. इंटरनेटवर कमी सामानात प्रवास करणाऱ्या बायांचे व्हिडिओ बघून मी फर्मान काढलं, चौघांची मिळून एकच मोठी बॅग. त्याशिवाय प्रत्येकाकडे पाठीवरची एक छोटी पिशवी. कपड्यांच्या घड्या नाही, गुंडाळ्या करायच्या. चपला पायात असतील तेवढ्याच. फोनचा चार्जर घरात एक, तसा जहाजावरही एक.

घरात विरोधी पक्ष एकच, सासूबाई. माहेर सावनेरचं, नागपुरात जरीपटक्यात सून म्हणून आल्या त्याला चाळीस वर्षं होऊन गेली, पण बोली जशीच्या तशी आहे. "काहून वं माया साड्या काढून राहिली?" त्या म्हणाल्या. "तीन साड्यात बाईमानसाचं भागते का?"

"आई, तिकडे आपल्याला कोण बघणार आहे?"

"कोनी नसन पायत. मी तं पायतो नं!"

शेवटी चार साड्यांवर तडजोड झाली. चौथी त्यांनी स्वतः गुंडाळून स्वतःच बॅगेच्या तळाशी घातली. एवढं मन लावून काम करताहेत बघून मला बरंच वाटलं.

डिसेंबरची पहाट होती. नागपूरची थंडी तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून चौघंही स्वेटर, मफलर घालून निघालो. शेजारच्या बाईंना "जयभीम, येतो वं" म्हणताना सासूबाईंच्या तोंडातून वाफ निघत होती. मुंबईत उतरलो तेव्हा लोक अर्ध्या बाह्यांत हिंडत होते. चार स्वेटर, चार मफलर आता हातात! ते ठेवायची जागा एकाही व्हिडिओतल्या बाईने सांगितली नव्हती.

आता माझी चूक सांगते. सईच्या गोळ्यांचा निळा पाऊच मी नेहमी माझ्या पर्समध्ये ठेवते. नागपूर विमानतळावर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, हातात एकच नग चालेल, पर्स नाहीतर पिशवी." मागे रांग खोळंबलेली. मी घाईघाईने पर्स पिशवीत कोंबली, पिशवी फुगली, म्हणून पाऊच काढून मोठ्या बॅगेत टाकला. मुंबईत उतरल्यावर लगेच काढून घेऊ म्हटलं. सकाळची गोळी सईने घरीच घेतली होती, पुढची थेट संध्याकाळी. मग मुंबईत टॅक्सी, स्वेटर, ट्रॅफिक, बोट सुटेल की काय ही धास्ती. बंदरावर टॅक्सी थांबली तशी हमालाने डिकीतून बॅग उचलली, केबिन नंबरचा टॅग बांधला आणि ती सरकत्या पट्ट्यावर गेलीसुद्धा. मोठं सामान आपल्याबरोबर येत नाही, ते तपासून नंतर केबिनच्या दाराशी आणून ठेवतात. पद्धत चांगली आहे. मला ती माहीतही होती.

आठवण झाली ती जहाजात शिरल्यावर, सरबताचा पेला हातात असताना.

"येते बॅग. टेन्शन काहून घेऊन राहिली?" प्रशांत, म्हणजे माझा नवरा, म्हणाला. त्याला टेन्शन येतच नाही, त्याच्या वाटचंही मीच घेते. आम्ही केबिनमध्ये जाऊन बसलो. बाहेर लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना दारं. कर्मचारी ढकलगाडीवरून बॅगा आणून दारादाराशी ठेवत होते. समोरच्यांची आली. शेजारच्यांच्या तर पाच आल्या, माझ्या मनात आलं, एवढं काय आणलंय यांनी! आमचं दार तसंच रिकामं.

मग धोक्याच्या सूचनांची तालीम झाली. सगळ्यांना एका ठिकाणी जमवून लाइफ जॅकेट कसं घालायचं ते दाखवतात. मुकाट्याने करा, टाळता येत नाही. परत आलो, बॅग नाही. भोंगा वाजला, जहाज हललं, लोक डेककडे धावले. मुंबईचे दिवे मागे सरकताना फार सुंदर दिसतात म्हणे. मी पाहिले नाहीत, मी सईकडे पाहत होते. तिची पापणी लवते का, बोटं आखडतात का, बोलता बोलता मध्येच थांबते का.

"मम्मी, माझ्याकडे बघणं बंद कर," सई म्हणाली.

"बघत नाहीये मी."

"बघून राहिलीस. मला पूलमध्ये जायचंय."

"अजिबात नाही!" मी एवढ्या जोरात ओरडले की सासूबाई दचकल्या. त्या बिचाऱ्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. मला वाटलं, पहिल्यांदाच समुद्रावर आल्यात, घाबरल्या असतील.

एक गोळी उशिरा झाली म्हणून आकाश कोसळत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलेलं मला पाठ आहे. पण एक गोळी उशिरा नव्हती होणार. बॅग बंदरावरच राहिली असेल तर आजची गेली, उद्याची गेली, आणि चारी बाजूंनी पाणी. मोबाइलची रेंज एकेक काडी करत उडत होती. मी चारही स्वेटरांच्या गुंडाळ्या केल्या, उलगडल्या आणि पुन्हा केल्या.

शेवटी आम्ही चौघं रिसेप्शनला गेलो. तिथे ही रांग! आमच्या मागे एक बाई उभ्या होत्या, छान कांजीवरम वगैरे नेसून. आमचं बोलणं ऐकून त्या खुलल्या. "अय्या, नागपूरचे का? आम्ही धरमपेठेतले. तुम्ही कुठे?" एरवी परगावी नागपूरचं माणूस भेटलं की मी माहेर भेटल्यासारखी बोलत सुटते. पण आता मी "जरीपटका" एवढंच सांगून पुढे वळले. कारण तोपर्यंत आम्ही सईचं दुखणं घराबाहेर कुणाला सांगितलेलं नव्हतं. शाळेत फक्त वर्गशिक्षिकेला माहीत होतं, तेही दार लावून सांगितलेलं. लोक पोरीकडे वेगळ्या नजरेने बघतील, उद्या मोठी झाली की हेच तिच्या आडवं येईल, अशी मला भीती वाटते. ती चूक की बरोबर हे मला ठाऊक नाही, पण ती आहे.

काउंटरवरच्या माणसाला मी म्हटलं, "भैया, बॅग में बहुत जरूरी सामान है."

"मॅडम, सबका जरूरी सामान है. थोड़ा वेट कीजिए, केबिन में आ जाएगा."

"नहीं, मतलब... दवाई वगैरह है."

"किस चीज़ की दवाई?"

मी मागे पाहिलं. धरमपेठेच्या बाई कान देऊन उभ्या होत्या. "ऐसे ही," मी म्हटलं, "तबियत की." प्रशांतने नुसता घसा खाकरला. माणसाने मान डोलावली आणि पुढच्याला बोलवायला हात वर केला.

तेवढ्यात सई माझ्या बगलेखालून पुढे सरकली. काउंटर तिच्या हनुवटीला लागत होतं. "अंकल," ती म्हणाली, "मुझे फिट आती है. मेरी गोली उस बॅग में है. अभी लेने का टाइम है."

खणखणीत आवाज, शाळेत हजेरी द्यावी तसा. रांगेतली चार-सहा डोकी वळली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. काउंटरवरच्या माणसाने मात्र हात खाली घेतला आणि फोन उचलला. दोन वाक्यांत त्याला बॅग सापडली. ती जहाजावरच होती, खालच्या मजल्यावर सुरक्षा विभागात अडवून ठेवली होती. "कुछ मना किया हुआ सामान निकला है," तो म्हणाला. "आप लोग नीचे जाइए. दवाई न मिले तो यहाँ डॉक्टर भी हैं, मैं बोल देता हूँ."

खाली जाताना मी प्रशांतला म्हटलं, "आपल्या बॅगेत कसलं आलंय मना केलेलं सामान? मी स्वतः भरलीये!" तो म्हणाला, "मले काय मालूम?" सासूबाई जिन्याचा कठडा धरून सगळ्यात मागून येत होत्या.

सुरक्षा विभागाच्या खोलीत फळीवर इस्त्र्या, किटल्या, पकडून ठेवलेल्या बाटल्या मांडलेल्या. आमची बॅग टेबलावर उघडी. अधिकारी बाईंनी तळाची चौथी साडी उलगडली आणि आतून निघाला आमच्या मोरीतला पाणी तापवायचा रॉड, वायरसकट, प्लगला रुमाल बांधलेला.

"यह किसका है? इससे जहाज़ में आग लग सकती है."

"माया होय," सासूबाई म्हणाल्या.

"आई! काय करून ठेवलं वं हे?" प्रशांत ओरडला.

"जहाजावरचं पानी समुद्राचं राह्यते, गार गार," त्या सांगू लागल्या. सांगत होत्या माझ्याकडे बघून. "लेकराच्या डोक्यावर गार पानी पडलं अन् पुन्हा तिले तसं झालं तं? म्या तिच्याचसाठी आनला वं, वैशाली. तुले सांगितलं असतं तं तू काढून टाकला असता."

काढून टाकला असताच. त्यांना ओरडायला मी तोंड उघडलं होतं. पण त्यांचा चेहरा बघितला आणि मला रडूच फुटलं. सईला काही होऊ नये म्हणून त्यांनी रॉड घातला, सईला काही होऊ नये म्हणून मी सामान मोजूनमापून कोंबलं, आणि दोघींनी मिळून तिची गोळी अडकवून ठेवली होती. निळा पाऊच प्रशांतनेच काढला. अधिकारी बाईंनी पाण्याचा ग्लास दिला, सईने तिथेच उभ्याने गोळी गिळली आणि विचारलं, "आता पूल?"

पूल बंद झाला होता. जेवायला गेलो. जेवण भरपूर, प्रकार अगणित, पण सासूबाईंच्या मते एकालाही तिखटाचा वास लागलेला नाही. केबिनमध्ये परतल्यावर त्यांनी सहज न्हाणीघरातला नळ सोडला आणि हात मागे घेतला. "बाप्पा! हे तं चुलीवरून उतरवल्यावानी हाय!"

सकाळी नाश्त्याला एवढा मोठा हॉल भरलेला असताना पलीकडच्या टोकावरून धरमपेठेच्या बाईंनी हाक मारली, "सई, गोळी घेतली का गं?" माझ्या हातातला चमचा थांबला. सई म्हणाली, "हो काकू!" आणि बाई डोसा घ्यायला गेल्या. एवढंच झालं.

गोव्यात उतरायचं असेल तर सकाळी लवकर उतरा. बंदरातून गावात जायला बस असते, टॅक्सीवाले मात्र तोंडाला येईल तो भाव सांगतात, आधी ठरवून घ्या. आम्ही एक चर्च पाहिलं, एका खानावळीत मासळीचं जेवण जेवलो, आणि तेव्हा कुठे सासूबाईंचा जीव शांत झाला. परतीच्या दिवशी सई पूलमध्ये उतरली. प्रशांत तिच्या हाताच्या अंतरावर आणि मी काठावर, कपडे घालूनच पाण्यात पाय सोडून. माझी काळजी गेली असं मुळीच नाही. ती माझ्या शेजारी बसून होती, एवढंच की मध्ये मध्ये मी समुद्राकडेही बघत होते.

घरी येऊन हिशेब केला. कपडे बरोबर पुरले. स्वेटर चार जास्त. गोळ्या अंगावरच्या पिशवीत ठेवा, अर्ध्या दुसऱ्याच्या पिशवीत, आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर असू द्या. विमानतळावर कुणी काहीही म्हणो.

परतल्यानंतरच्या शनिवारी दाराची बेल वाजली. सईच्या वर्गातली तन्वी होती, मागच्या गल्लीत राहते. "काकू, आज सईला आमच्याकडे झोपायला पाठवाल?"

सर्दी, अभ्यास, पाहुणे... माझी कारणं तयार होती. पण मी तोंड उघडायच्या आत ती घडाघडा बोलायला लागली. "काकू, मला सगळं माहीत आहे. फिट आली तर एका कुशीवर वळवायचं. डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं. घट्ट धरून ठेवायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही. कांदा, चप्पल काहीही हुंगवायचं नाही. घड्याळ बघायचं अन् तुम्हाला फोन करायचा. सईने पाठ करून घेतलंय."

"तुझ्याकडून?"

"नाही, आख्ख्या सहावी ब कडून."

मी वळून पाहिलं. सई आतल्या दारात उभी होती, पाठीवर पिशवी, हातात निळा पाऊच. मी दोन वर्षं दार लावून जपलेली गोष्ट वर्गभर पोरांना तोंडपाठ होती, आणि तरी ही पोरगी तिला न्यायला आली होती.

"पुन्हा एकदा म्हण बघू," मी तन्वीला म्हटलं.

तिने न अडखळता पुन्हा म्हटलं. मग मी दारातून बाजूला झाले.