दिनकरचं अर्धं उतरलेलं चित्र

दिनकर गेल्याचं मला परभणीच्या एसटी स्टँडवर कळलं. जिंतूरची गाडी लागत होती आणि बोरीचा एक ओळखीचा माणूस खिडकीतून ओरडला, "सर, तुमचे दिनूभाऊ गेले की हो सकाळी!" असली बातमी अशी खिडकीतून फेकतात का? मी त्याच्यावरच चिडलो, आणि मग त्याच गाडीत चढलो... डॉक्टरांनी हृदयाचा झटका सांगितला. त्यानं पन्नाशीही गाठली नव्हती. काही आठवडे उलटले, पण शांतपणे लिहावं असं अजूनही वाटत नाही.

आम्ही बोरीच्या शाळेत एका बाकावरचे. मी परभणीत भूगोल शिकवत राहिलो. तो पुण्याला जाऊन संगणक शिकला, तिथं चांगला रुळला आणि कुणी बोलावलेलं नसताना परत आला. विद्यापीठाच्या नामांतरावरून वातावरण तापलेलं, बंद कधी पुकारला जाईल याचा भरवसा नाही. अशा दिवसांत पुण्याची नोकरी सोडून इकडे कोण येतं, असं त्याचे वडीलच विचारायचे. तो हसायचा. जिल्ह्याच्या एका कार्यालयात त्याला एक खोली, एक रंगीत पडदा आणि गच्चीवर एक मोठी तबकडी मिळाली होती. लोक तिला उलटी छत्री म्हणत. उपग्रहानं टिपलेली साऱ्या जिल्ह्याची माहिती पुण्याच्या मोठ्या संगणकात होती आणि ती या छत्रीतून दिनकरच्या पडद्यावर उतरायची.

पण उतरायची म्हणजे किती रडत! अख्खं चित्र मागवलं की दुपार जायची आणि मध्येच लाइन तुटली की सगळं मुसळ केरात. दिनकरनं त्यावर युक्ती काढली. पुण्याहून आधी ढोबळ चित्र यायचं, मोजक्या मोठ्या चौकोनांचं. प्रत्येक चौकोनाचा रंग म्हणजे त्याच्या आतल्या साऱ्या शेतांची सरासरी. मग एकेक चौकोन चारांत फुटायचा, ते चार पुन्हा चारांत, असं करत पार शेताच्या बांधापर्यंत. ज्या भागावर बोट ठेवाल तो आधी फुटायचा. येलदरी धरणाचं पाणी त्यानं मला असं उलगडून दाखवलं तेव्हा तो लहान मुलासारखा टाळ्या वाजवत होता. मी मेला भूगोलाचा मास्तर, मला जिल्हा पहिल्यांदा दिसला.

पाऊस हुकलेल्या त्या वर्षी उन्हाळ्यात पाण्याचे टँकर कुठं पाठवायचे हे जिल्ह्याच्या साहेबांनी त्या पडद्यापुढं ठरवलं. ढोबळ चित्र आलं. सोनपेठच्या बाजूचा चौकोन हिरवा होता, कारण त्यात गोदाकाठचा ऊस होता. माळावरची करपलेली गावं त्याच हिरव्यात मिसळून गेली होती. दिनकर म्हणाला, "साहेब, थोडं थांबा. हे ढोबळ हाय, बारीक अजून यायलंय." साहेबांना पुढची बैठक होती. "हिरवं आहे ना? मग झालं की." तेवढ्यात लाइन तुटली. दुसऱ्या दिवशी पूर्ण चित्र घेऊन दिनकर धावत गेला, तर सोनपेठकडे टँकर नकोत हा निर्णय वर कळवून झाला होता.

त्याची धाकटी बहीण कुसुम त्याच माळावरच्या गावात दिलेली. तिथं टँकर आलाच नाही. तळाचं पाणी काढायला विहिरीत उतरताना तिचा नवरा पडला आणि कंबरेतून कायमचा अधू झाला. कुसुम परभणीला आली तेव्हा मी त्या खोलीतच होतो. "दादा, तुझ्या यंत्रात आमचं गाव हाय का न्हाई?" तिनं विचारलं. दिनकरनं तिचं गाव काढून दाखवलं. शेत न् शेत तपकिरी. तिनं पडद्यावर बोट ठेवलं.

"मंग हे आदी का न्हाई दाखवलंस?"

त्या दिवसानंतर मला जुना दिनकर परत मिळालाच नाही. तसा तो कामाला लागला होता. ज्या चौकोनाच्या आत एकमेकांशी न जुळणारे रंग असतील तो चौकोन फुटेपर्यंत काळाच राहील, असा बदल त्यानं केला. न बघताच कुणी उठून जाऊ नये, एवढंच त्याला हवं होतं. वरिष्ठांनी पाहिलं आणि विचारलं, "चित्राला ही भोकं कशाला? पाहुण्यांना दाखवायचं असतं हे." त्याला ती काढायला लावली. त्यानं ती काढली. मी संतापून म्हणालो, नोकरीवर लाथ मार. चहा समोर तसाच ठेवून तो म्हणाला, "लवकर दाखवायच्या नादात मी कुसुमचं घर बुडवलं रे. आता लाथ मारून कुणाचं काय व्हायलंय?" तो तुझा दोष नाही, हे मी त्याला किती वेळा सांगितलं असेल! त्याच्या कानापर्यंत ते पोचलंच नाही, आणि हे दुःख मला आता जन्मभर पुरणार आहे.

त्याचा डबा आणि चष्मा घेऊन या, असं वहिनींनी सांगितलं म्हणून परवा त्या खोलीत गेलो. खुर्चीवर नवा माणूस होता, शेजारी नवे साहेब उभे. पडद्यावर ढोबळ चित्र आलं, सोनपेठचा चौकोन पुन्हा हिरवाच. साहेबांनी ते उभ्याउभ्याच पाहिलं, "ठीक आहे, कळलं," म्हणाले आणि निघाले. नवा माणूस त्यांच्या मागोमाग दार धरायला धावला. पडदा चालूच राहिला. मी डबा मांडीवर घेऊन दिनकरच्या खुर्चीत बसलो. चौकोन फुटत होते, चारांचे पुन्हा चार होत होते. सावकाश सोनपेठची बाजू उघडली, मग माळ, मग कुसुमचं गाव... यंदाही तपकिरी. मी दाराकडे पाहिलं. परत कुणी आलं नाही.