अकरा जावयांचा संघ

अन्याय कोणावर झाला आणि कधी झाला, हे आधीच सांगून टाकते. नंतर कोणी म्हणायला नको की पत्रकं लिहिणाऱ्या बाईंनी मोघम लिहिलं. गेल्या वर्षी अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीला, नगरजवळच्या केडगावातल्या आमच्या धूमकेतू फुटबॉल क्लबाने सोयरिकमामांना व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढून टाकलं. त्याच आठवड्यात दत्ता या आमच्या बचावपटूला संघातून काढलं आणि मैदानामागच्या त्याच्या खोलीतूनही काढलं. दोन्ही कामं माननीय अध्यक्षांच्या शुभहस्ते पार पडली. एवढे शुभ हात आमच्या भागात दुसरे नाहीत. फीत दिसली की आपोआप पुढे होतात.

सोयरिकमामा कोणाचेच सख्खे मामा नव्हते. आयुष्यभर साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी केली, आणि काट्यावर उसाची गाडी उभी असेपर्यंत गाडीवानाच्या घरी लग्नाची मुलं-मुली किती, हे विचारून घेतलं. त्यातून सोनईपासून मिरजगावपर्यंत लग्नं जुळवत गेले, म्हणून सोयरिकमामा. दुसरा नाद फुटबॉलचा. मामांच्या लेखी हे दोन नाद नव्हतेच, एकच होता. नवा खेळाडू मैदानावर आला की बाकीचे विचारायचे, डाव्या पायाचा की उजव्या? मामा विचारायचे, "मूळ गाव कोनतं? आन मामाचं गाव?"

त्यांचे काही सिद्धांत होते, आणि ते बदलायची त्यांची तयारी नव्हती. "एकत्र कुटुंबातलं पोरगं पास देतं. एकुलतं एक कधीच देत न्हाई." आमचा आजवरचा सगळ्यात दिलदार पासर आईबापांचा एकुलता एक होता, हे मी एकदा दाखवून दिलं. मामांनी जराही न हलता उत्तर दिलं, "त्याला चुलतभाऊ लई हुते."

पण एक सिद्धांत मात्र माझ्या मनात रुतून बसला. मामा म्हणायचे, "स्ट्रायकर म्हंजी जावई. धोंड्याच्या महिन्यात बोलवा, ताट द्या, मान द्या, खाऊन जातो. डिफेंडर म्हंजी सून. नव्वद मिनिटं राबायचं, आन एक चूक झाली की सगळं गाव बोलनार."

मी खवळले. "मामा, सुनांनी का म्हणून राबायचं?"

"मी कुठं म्हनलं राबावं? मी म्हनलं, राबतंय कोन ते बघ."

ही मामांची फुटबॉल समीक्षा. इंग्रजी कॉमेंट्री ऐकून 'स्पेस' आणि 'प्रेसिंग'वर चर्चा करणारी आमची पोरं हसायची. मामाही हसायचे, आणि कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी छत्री टेकवून परत मागच्या फळीकडे बघत उभे राहायचे. गोल झाला तर सगळं मैदान गोल मारणाऱ्याकडे धावायचं. मामा मात्र दत्ताकडे बघून मान हलवायचे. एवढंच. पण दत्ताला ते लांबून दिसायचं.

कारण दत्ता हे मामांनीच आणलेलं स्थळ होतं. पाथर्डीकडचं घर, आईबाप दर हंगामाला ऊसतोडीला. मामांनी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते काट्यावर, गाड्यांच्या रांगेत. चिंध्यांचा चेंडू होता, दोन बैलगाड्यांच्या मधली वाट होती, आणि त्या वाटेतून हे पोरगं कोणालाही जाऊ देत नव्हतं. मोठी पोरंसुद्धा वळसा घालून जायची. दहावी झाल्यावर मामांनी त्याला क्लबात आणलं, मैदानामागची पत्र्याची खोली मिळवून दिली, आयटीआयला नाव घातलं. आणि लग्न ठरवताना मुलीच्या आईला देतात तसा शब्द त्याच्या आईला दिला: "ह्या पोराच्या हातात कोयता येनार न्हाई. मी मधी हाय."

मग आले नवे अध्यक्ष. पुढे आली उन्हाळ्यातली संघबांधणी. आमच्याकडे लीग पावसाळ्यात सुरू होते आणि संघ उन्हाळ्यात बांधतात. आजवर बांधायचे म्हणजे दोन पोरं पुण्याला कामाला गेली, तर दोन नवी यायची. पण असलं कोणीही करेल. अध्यक्षांनी 'महापुनर्बांधणी' केली. चौकात फ्लेक्स लागला. वर अध्यक्षांचे नेते, खाली अध्यक्ष, बाजूला अध्यक्षांचे बंधू, आणि तळाला उरलेल्या पट्टीत पासपोर्ट फोटोएवढे अकरा खेळाडू. अकराच्या अकरा बाहेरचे. कोणी रील्सवर प्रसिद्ध, कोणी एका मोठ्या क्लबच्या ट्रायलला जाऊन आलेला. जाऊन आलेला म्हणजे गाळून परत पाठवलेला, असं फ्लेक्सवर लिहायची पद्धत नाही.

दत्ताला कोणी काही सांगितलं नव्हतं. तो सायकल लावून फ्लेक्ससमोर उभा राहिला, तळाची पट्टी डावीकडून उजवीकडे बघत गेला, मग उजवीकडून डावीकडे. संध्याकाळी खोलीला दुसरं कुलूप होतं आणि त्याची पेटी बाहेर ओट्यावर. पुनर्बांधणी म्हणतात ती ही.

मामांनी अध्यक्षांना मैदानावरच गाठलं.

"साहेब, अकरा आनले. अकराच्या अकरा जावई. घरात सून कोन हाय?"

अध्यक्ष हसले. आजूबाजूचे, अध्यक्ष हसले म्हणून, हसले. "मामा, फुटबॉल आता प्रोफेशनल झालाय."

"व्हय, दिसतंय. पैलं पोरं बूट फाटंपर्यंत खेळायची. आता फोटू निघंपर्यंत."

"तुम्ही आता आराम करा, मामा."

आराम! मामांनी दुसऱ्या दिवशी सकाळी मला एसटीत बसवलं. नवा गोलकीपर सोनईजवळच्या एका वस्तीवरचा होता, आणि मुलाची चौकशी त्याच्या गावात जाऊनच करायची असते, हा मामांचा नियम. मला कशाला नेलं? "बाईमानूस बरुबर असलं की लोक घरात घेत्यात."

घेतलं. जरा जास्तच घेतलं. सोयरिकमामा दारात म्हटल्यावर त्या घराला दुसरं काय वाटणार? आणि बरोबर लग्नाच्या वयाची पोरगी! गोलकीपरच्या आईने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि आत आवाज दिला, "अवो, मुलगीच घिऊन आल्यात! काळ किती बदलला बघा!" सतरंजी आली, पोहे आले, शेजारच्या दोन बायका आल्या. पोहे करून मुलीकडच्यांनी द्यायचे असतात. मी ते खात होते, म्हणून गोलकीपरच्या आजींना माझ्याबद्दल शंका आली असावी. त्यांनी विचारलं, "सैपाक येतो का?"

"पत्रकं लिहिता येतात," मी म्हणाले.

"पापड का?"

"पत्रकं."

मामा सतरंजीकडे बघत मिशीत हसत होते. गैरसमज दूर करायची त्यांना घाई नव्हती, कारण मुलीकडचे म्हणून जे कळतं ते क्लबचे म्हणून कळत नाही. त्यांनी नुसतं विचारलं, "पोराचं स्थिर हाय ना सगळं?"

"येकदम पक्कं!" आई म्हणाली. "भादव्यात सोलापूरला चाललाय. तिथल्या संघानं घेतलंय, नोकरीबी देनारेत. लगीन करून बरुबरच नेऊ द्या पोरीला."

मामांनी बशी खाली ठेवली. म्हणजे आमच्या महापुनर्बांधणीचा गोलकीपर आमच्याकडे लीगचे पहिले दोन महिनेच होता. एसटीत बसल्यावर मामा म्हणाले, "दोन घरी टिळा लावून घेतलाय पठ्ठ्यानं. आन आपन वरातीची तयारी करतोय." मग माझ्याकडे बघून: "तुझ्यासाठी दुसरं बघतो. गोलकीपर न्हाई आनत, भिऊ नको."

त्याच संध्याकाळी मामांनी ग्रुपवर दोन प्रश्न टाकले. टाइप मी करून दिले, शब्द त्यांचे. गोलकीपर भादव्यानंतर कुठं असंल? आन दत्ताची खोली कुनाला दिली? अध्यक्षांचं उत्तर आलं: 'कृपया निगेटिव्हिटी पसरवू नये.' पुढे हात जोडलेला इमोजी. त्याच्या खाली, मामांना काढल्याची नोंद. आधी नमस्कार, मग लाथ; संस्कार म्हणतात ते हेच. ग्रुपमध्ये इतके लोक होते, दत्ताबरोबर खेळलेले, मामांनी ज्यांची लग्नं लावली असे. त्यातल्या एकानेही एक ओळ लिहिली नाही. अंगठे मात्र उठले, अध्यक्षांच्या उत्तराला.

मामांना मी म्हटलं, आपण पत्रक काढू. ते म्हणाले, "काढ की. पर मी मॅचला जानार. ग्रुपमधनं काढायला बटन असतं, मैदानातनं काढायला कुठं बटन हाय?" आणि ते गेले. प्रत्येक सामन्याला, तीच छत्री, तोच कोपरा.

पहिला सामना अकरा जावयांनी जिंकला, हे मी प्रामाणिकपणे लिहिते. अध्यक्षांनी त्याचाही फ्लेक्स लावला. मग भादवा आला आणि गोलकीपर सोलापूरला गेला. ट्रायलवाला स्ट्रायकर एका रविवारी मानधनावरून रुसला, अगदी मांडवात रुसावं तसा, आणि बॅग घेऊन निघून गेला. भिंगारच्या संघाशी सामना होता तेव्हा गोलात कडेने पळणारा एक विंगर उभा होता आणि उजवीकडची, दत्ताची, बाजू एसटी स्टँडसारखी मोकळी होती. कोणीही यावं, कोणीही जावं. सहा गोल खाल्ले.

मला, खरं सांगायचं तर, आनंद झाला. मी मामांना म्हटलं, "तुम्ही बरोबर ठरलात!"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझं हसू तिथेच थिजलं. "लगीन मोडल्यावर बरुबर ठरलेला मध्यस्थ कुनाला पायजे, पोरी?"

दसऱ्यानंतर ते मला घेऊन दत्ताच्या गावी गेले. जेवण झालेलं नव्हतं, चुलीवर भाकरी चालू होत्या. ट्रॅक्टरची ट्रॉली दारात उभी, तिच्यात भांडी, गोधड्या, कोंबड्यांची पाटी. दत्ता ओट्यावर बसून कोयत्याच्या मुठीला चिंधी गुंडाळत होता. आयटीआयचं एक वर्ष राहिलं होतं. पण नगरला राहायचं कुठे आणि कशावर? दुपारी वर्ग, संध्याकाळी सराव, रात्री ती पत्र्याची खोली, असं सगळं एकात एक बसवलेलं होतं. खोली काढली आणि सगळं कोसळलं.

मामांनी चप्पल दाराबाहेर काढली आणि आत गेले नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच दत्ताच्या आईला म्हणाले, "बाई, येवढ्या सोयरिकी केल्या. ही पैली, जिथं माझा शब्द खाली पडला."

तिने तव्यावरची भाकरी उलटली. "मामा, शबुद तुमचा हुता, खोली त्यांची हुती. आत या. जेवून जा."

दत्ता एवढंच बोलला, तेही मान खाली घालून. "मामा, उजवीकडनं लई गोल जात्यात का?"

"जात्यात," मामा म्हणाले.

दत्ताने चिंधीला गाठ मारली.

माघात एका सकाळी मामा उठलेच नाहीत. दुपार व्हायच्या आत चौकात फ्लेक्स होता: 'क्लबचे आधारस्तंभ, मार्गदर्शक, पितृतुल्य सोयरिकमामा यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' मामांचा फोटो होता, अध्यक्षांचाही होता, आणि अध्यक्षांचा मोठा होता. आधारस्तंभ! हयातीत ज्या माणसाला ग्रुपवर दोन ओळींची जागा मिळाली नाही, त्याला मेल्यावर बारा फूट मिळाले. ज्यांनी अंगठे दाखवले होते त्यांनी त्या फ्लेक्सचा फोटो स्टेटसला ठेवला.

मामा मला काय देऊन गेले, तर एक खोड. आता मी कुठल्याही सभेत, कुठल्याही कार्यालयात, कुठल्याही लग्नात गेले तरी व्यासपीठाकडे बघतच नाही. राबतंय कोण, ते बघते. बहुतेक वेळा तो माणूस फोटोत नसतो.

परवा मैदानावर गेले होते. दत्ताची खोली कोणाला दिली, या मामांच्या प्रश्नाचं उत्तर मला अखेर मिळालं. मला वाटत होतं, एखाद्या जावयाला दिली असेल. नाही. जावई लॉजवर उतरतात. मी खिडकीतून आत पाहिलं. खोलीत क्लबचे जुने फ्लेक्स ठेवलेत. लोखंडी चौकटी, बांबू, गुंडाळ्या. दत्ताची खाट होती तिथे सगळ्यात वर श्रद्धांजलीचा फ्लेक्स, अर्धा उलगडलेला. मामांचा एक डोळा आणि अर्धी मिशी दिसत होती. ज्या खोलीच्या भरवशावर त्यांनी शब्द दिला, त्या खोलीत एक पोरगं मावत नाही. पण मामा मावले.

आता यंदाचा उन्हाळा. पुन्हा महापुनर्बांधणी जाहीर झाली आहे, पुन्हा अकरा नवे फोटो, आणि त्यावर कळस म्हणून 'सोयरिकमामा स्मृती चषक'. येत्या रविवारी संध्याकाळी मैदानावर उद्घाटन आहे. मामांच्या तसबिरीला हार घातला जाईल, शुभ हात फितीकडे जातील. आणि दत्ता, हंगाम संपवून, या घडीला गावी परतला आहे. आयटीआयचं ते एक वर्ष अजून राहिलेलं आहे. उजवी बाजू अजून मोकळी आहे.

म्हणून हे वाचणाऱ्या तुम्हाला सांगते, विनंती वगैरे करत नाही. तुमचं लग्न मामांनी लावलं असेल, किंवा त्या ग्रुपवर तुमचा अंगठा उठला असेल, किंवा तुम्ही त्या मैदानावर नुसता एकदा चेंडूला पाय लावला असेल, तरी रविवारी या. मामांच्या कोपऱ्यात उभे राहा. फीत कापायच्या आधी, टाळ्यांच्या आधी, मोठ्याने एकच विचारा: दत्ताची खोली कधी रिकामी करताय? आणि खोलीचं दार उघडल्याशिवाय फीत कापू देऊ नका.