डोझरवरचे मामा

गेल्या आठवड्यात डोझरच्या सीटखालची पेटी साफ करायला काढली. पाने, बिनजोडीचे नटबोल्ट, गंजलेली छिन्नी, आणि तळाशी ग्रीस गनभोवती गुंडाळलेला सोलापुरी चादरीचा एक तुकडा. रंग केव्हाच उडालेला, पण कडेची नक्षी अजून ओळखू येत होती. तो उलगडला तसा ग्रीस, डिझेल आणि तंबाखू यांचा मिळून एकच वास आला आणि मी हातातलं काम टाकून तिथंच डोझरच्या चाकांवरच्या लोखंडी चेनवर बसले. आमच्या ऑपरेटरमामांना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांचा वास मात्र या पेटीत मुक्कामाला होता, आणि मला त्याची खबर नव्हती.

हा डोझर माझ्या नवऱ्यानं वापरलेलाच घेतला होता. फार मोठा नाही, फार लहान नाही; शेतं सपाट करावीत, बांध घालावेत, शेततळी करावीत, एवढ्या बेताचा. मामा तो घेतल्यापासूनच त्याच्यावर होते. नवरा अचानक गेला तेव्हा सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आमच्या घरी तेराव्याला जमलेली सगळी माणसं एकच सल्ला देत होती. दीर म्हणाले, "वहिनी, ते लोखंड विकून मोकळ्या व्हा. बाईमाणसाला झेपायचं काम नाही ते." मी मान हलवली, कारण मलाही तसंच वाटत होतं. माणसं पांगल्यावर मामा दाराशी आले. ते अक्कलकोटकडचे, घरात कानडी बोलणारे. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे असून मला 'अक्का' म्हणत. चपला न काढता, उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "अक्का, मालक गेले, पण मिशन जितं हाय की. एकदा बगून या, मग इका."

मी बघायला गेले, आणि विकायचं राहून गेलं.

जुनं यंत्र बाळगणं म्हणजे काय, हे मला त्या माणसानं शिकवलं. सकाळी चालू केल्यावर लगेच कामाला जुंपायचं नाही, त्याला अंगात ऊब येऊ द्यायची. तेल-पाणी बघायचं. चेनवर सरळ काठी आडवी धरून तिचा झोळ मोजायचा. फार ताणली तर झिजते, फार सैल सोडली तर वळणावर उतरते. आणि संध्याकाळी, कितीही दमणूक झाली तरी, चेनमधली काळी माती ओली असतानाच खरवडून काढायची. आपल्याकडची काळी माती एकदा वाळली की दगडाशी नातं सांगते. मामा फावड्यानं ती काढताना हळू आवाजात कानडीत काहीतरी बोलत असत. एकदा विचारलं, कुणाशी बोलता? लाजले. म्हणाले, "दिसभर राबलंय बिचारं."

त्यांना ऐकू कमी येतंय, हे माझ्या लक्षात कधी आलं ते नेमकं सांगता येणार नाही. पाठीमागून हाक मारली तर वळेनासे झाले. बोलताना माझ्या डोळ्यांऐवजी ओठांकडे बघू लागले. आयुष्यभर इंजिनांच्या धडधडीत बसलेला माणूस. कान तिनंच खाल्ले होते. पण काम तसंच चोख होतं. इंजिनात काही बिघडलं तर ते बॉनेटवर तळवा टेकत, क्षणभर डोळे मिटत आणि सांगत, "तिसऱ्या सिलिंडरला खोकला लागलाय." तसंच निघायचं. मग मी स्वतःची समजूत घातली, की हाताला ऐकू येतंय तोवर कानांचं काय अडलंय? खरं कारण निराळं होतं. त्यांच्यावाचून माझा डोझर उभा राहिला असता. मी दोन वर्षं गप्प बसले.

मग टेंभुर्णीजवळचं ते काम आलं. उन्हाळ्याची दुपार, उताराचं रान, धुळीचा पडदा. मी डिझेलचे कॅन आणि डबा घेऊन गेले होते. मामा माती ढकलून डोझर मागं घेत होते. तेवढ्यात शेतमालकाचे म्हातारे वडील मातीत अडकलेला पाइप ओढायला डोझरच्या मागंच वाकले. मामांनी वळून बघितलं होतं, पण त्या धुळीत काय दिसणार? माणसं ओरडली, मीही ओरडले. चेन मागं येतच होती. मी धावत, मामांना दिसेन अशी, डोझरच्या पुढच्या अंगाला गेले आणि दोन्ही हात वर केले. मामांची मान पुढं वळली, मी दिसले, डोझर थांबला. चेन आणि म्हातारबाबांच्या पाठीमध्ये एका हाताचं अंतर होतं. बाबांना काहीच ठाऊक नव्हतं. ते पाइप घेऊन उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "काय झालं वं?"

मामा खाली उतरले. त्यांनी ते अंतर बघितलं. मग बांधावर जाऊन बसले. मी शेजारी बसले. त्यांना माझे ओठ दिसावेत म्हणून तोंड त्यांच्याकडे करून म्हणाले, "मामा, चूक माझी आहे. मला दोन वर्षांपासून माहीत होतं."

त्यांनी खिशातून डोझरची किल्ली काढली.

"तुमास्नी ठावं हाय, ते मलाबी ठावं हुतं, अक्का. तुमी गप ऱ्हायला, म्हून मीबी गप ऱ्हायलो." मग किल्ली माझ्या ओंजळीत ठेवून म्हणाले, "आता मी वर बसणार न्हाय."

मी किल्ली घेतली. पण त्यांना गावी जाऊ दिलं नाही. म्हटलं, वर दुसरा बसेल, तुम्ही खाली राहा आणि मला शिकवा. नंतरची चार वर्षं ते रोज सकाळी यायचे. माझा तळवा बॉनेटवर ठेवून त्यावर आपला हात दाबून धरायचे आणि विचारायचे, "काय म्हंतंय?" सुरुवातीला मला नुसती थरथर कळायची. मग हळूहळू त्या थरथरीतली खोट कळू लागली. एका सकाळी मी आपण होऊन म्हणाले, "पाण्याच्या पंपाचं बेअरिंग गेलंय." मामांनी हात लावून बघितलं, हसले आणि चहा सांगायला गेले. त्या वर्षीच्या थंडीत ते गावी गेले आणि झोपेतच गेले.

परवा एका लग्नासाठी नातेपुत्याकडे जाणं झालं. वाटेत एक रान ओळखीचं वाटलं म्हणून गाडी थांबवली. नवरा गेल्यानंतरचं आमचं पहिलं काम तिथलं. तेव्हा तिथं माणूस घसरेल असा उतार होता. मामांनी महिनाभर खपून तो मोडला होता. आता त्यात कमरेएवढा गहू उभा होता आणि पाटाचं पाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठंही न तुंबता चाललं होतं. त्या शेतकऱ्याच्या घरातली सून दारं धरत होती. मी म्हटलं, रान किती सपाट आहे तुमचं.

"पयल्यापासनं आसंच हाय की," ती म्हणाली आणि पाणी पुढच्या वाफ्यात वळवायला गेली.

मला तिला सांगावंसं वाटलं, आणि मग वाटेना. तिनं तो उतार कधी पाहिलेलाच नसणार. काही माणसांचं काम असं निगुतीनं झालेलं असतं, की पुढं त्याच्यावर चालणाऱ्याला ते कुणी केलं होतं हेसुद्धा कळत नाही. मी बांधावर उभी राहून पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोहोचेतो बघितलं, आणि मग लग्नाला गेले.