नूरमोहम्मदनं शोधलेले शाफ्ट

नूरमोहम्मद मिस्त्रीचं गॅरेज रोशनगेटजवळ होतं आणि भिंतीला भिंत लावून माझं लेथचं दुकान. तो मोटारी खोलायचा, मी त्याला लागेल ते कातून द्यायचो. बावीस वर्षं आम्ही असे शेजारी होतो. माणूस कमी बोलायचा, पण बोलला की त्याचं बोलणं मनात राहायचं.

१९६८च्या उन्हाळ्यात कन्नड गावच्या काकासाहेबांची मोटार ट्रकवर चढवून त्याच्याकडं आली. दोनच माणसं बसतील अशी, बिनटपाची, लाल इंग्रजी गाडी. पोलीस ॲक्शननंतर एक जहागीरदार सगळं आवरून हैदराबादला गेला, त्याच्याकडून काकासाहेबांनी ती घेतलेली. उसाच्या कामातून सवड मिळाली की एकटेच चालवायचे. त्या दिवशी घाटात चढावर थांबून पुन्हा उचलताना मागून काडकन आवाज झाला. इंजिन ओरडत राहिलं, गाडी जागची हलेना.

नूरनं मागचं डावं चाक उतरवलं. एक्सल शाफ्ट, म्हणजे इंजिनाचा जोर चाकापर्यंत नेणारा पोलादी दांडा, आतल्या दात्यांपाशी तुटला होता.

"उजवा तर शाबूत आहे," मी म्हणालो.

"आज आहे. दोघं एकाच दिवशी बसलेत, बन्सी. बदलायचे तर दोन्ही."

पण मिळणार कुठं? त्यानं मुंबईला पत्रं लिहिली, हैदराबादला निरोप धाडले, शहरातलं सगळं भंगार पालथं घातलं. जीपचे शाफ्ट मिळाले, ते लांबीला बसेनात आणि दातेही वेगळे. दोन महिने गेले. काकासाहेब एस.टी.नं यायचे, गाडीकडं बघत बसायचे आणि परत जायचे.

शेवटी मीच म्हणालो, "मी बनवतो की. त्यात काय एवढं?"

नूरचं मन नव्हतं. मी हट्ट धरला. बाजारातून गज आणला, आठ दिवस खपून दोन शाफ्ट कातले, दाते पाडले. बसले असे, जशी बोटात अंगठी. काकासाहेबांना शेजारी बसवून नूर छावणीकडं निघाला, मी सायकलवर मागं. पहिल्याच चढावर गाडी गचके खायला लागली आणि थांबली. ढकलत परत आणून खोलली, तर माझ्या दोन्ही शाफ्टला सुंभासारखा पीळ बसलेला.

काकासाहेब तापले. "हे कुणाचं काम, मिस्त्री?"

"माझं," नूर म्हणाला. "लोखंड मऊ होतं. मला कळायला पाहिजे होतं."

मी तिथंच उभा होतो. त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं.

पुढं आठ-दहा दिवसांनी नूर पाचोडला गेला. तिथल्या एकाच्या विहिरीवरचं ऑईल इंजिन बंद पडलं होतं. बाजाराचा दिवस होता. काम उरकून तो परतीच्या गाडीसाठी निघाला, तर कांद्याच्या ढिगाशी एक टायरची बैलगाडी सोडलेली दिसली. त्या काळी मोडीत निघालेल्या मोटारींचा मागचा एक्सल घालून अशा गाड्या कुणीकुणी बांधायचे. नूर खाली वाकला. मधला गोळा, त्यावरचे बोल्ट, चाकाचा हब. काकासाहेबांच्या मोटारीला असतो तसाच एक्सल होता तो.

"काय हरवलं का, भाऊ?" कांदे विकणारी बाई म्हणाली. तिचं नाव सरूबाई. नवरा पुंजाराम वारल्याला तीन वर्षं झालेली. शेती आणि गाडी तीच हाकायची.

नूरनं सगळं खरं सांगितलं. तसली मोटार आहे, तिचे दोन दांडे या गाडीत आहेत, ते हवेत.

"आन् मंग माजी गाडी?"

"दांडे काढले की चाकं राहणार नाहीत, बाई. म्हणून आधी तुम्हाला दुसरा एक्सल करून घालतो."

सरूबाई लगेच हो म्हणाली नाही. "मालकांनी सोताच्या हातानं बांधली हाय ही," ती म्हणाली. मग चाकावर हात ठेवून, "पर लई जड हाय. ही नवी जोडी निम्म्या वाटंत तोंडाला फेस आणती."

"जड असणारच. बैल गाडी ओढतात, त्याच्यासोबत आतली दातेरी चाकंही फिरवतात. उगाच."

"काय सांगतोस? इतकी वर्षं?"

"होय."

तिनं बैलांकडं पाहिलं. "आधी माजी गाडी उभी कर. मंग तुजं काढ."

परत आल्यावर नूर थेट माझ्या दुकानात आला. "बन्सी, एक सरळ एक्सल करायचाय. बैलगाडीचा. यात लोखंड मऊ असलं तरी चालतं, पीळ बसत नाही." तो हसत नव्हता, टोमणाही मारत नव्हता. मला काम देत होता. चौकोनी गजाची टोकं मी कातली, जीपचे जुने हब आणि बेअरिंगं बसवली. पुढच्या बाजाराला दोघंही पाचोडला गेलो. झाडाखाली गाडी ठोकळ्यांवर उचलली, जुना एक्सल सोडवला, नवा बांधला. पुंजारामनं केलेल्या लाकडाला नूरनं एकही नवं भोक पाडलं नाही. पट्ट्याच जुन्या भोकांच्या मापानं घडवून आणल्या होत्या.

सरूबाईनं बैल जुंपले. कासरा सैल होतो न होतो तोच गाडी चालायला लागली. बैल चार पावलं भराभर गेले आणि मागं काही नाही असं वाटून थबकले. सरूबाईनं तोंडावर पदर धरला. हसली की रडली, आम्हाला कळलं नाही.

गॅरेजात हब निघता निघेना. हब ओढून काढायचा पुलर लावून, गरम करून, ठोकून दोन दिवसांनी दोन्ही शाफ्ट हाती आले. नूरनं ते रॉकेलनं पुसले, वर खडूची पूड लावली आणि उन्हात ठेवले. चीर असली तर तिच्यातलं रॉकेल पाझरून खडूवर रेघ उमटते. आम्ही चहा पिऊन आलो. रेघ नव्हती.

"इतका जुना, आणि नवाच?" मी म्हणालो.

"मोटारीतून निघाल्यापासून इंजिनाचा जोर कुठं बसला याला? बैल पुढून ओढतात. हा नुसता चाक धरून होता."

डावा बसवला, उजवा बसवला. नवे सील, नवं तेल. किल्ली हातात धरूनच मी म्हणालो, "त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं, नूर."

"बोलला असतास तरी शाफ्ट मऊच होता," तो म्हणाला. मग हात पुसत म्हणाला, "पण बरं वाटलं असतं."

काकासाहेबांनी गाडी स्वतः घाट चढवून कन्नडला नेली. नूरनं त्यांना एकच सांगितलं, चढावर क्लच झटक्यानं सोडू नका. त्यांनी ते ऐकलं असावं, कारण पुन्हा ती मोटार त्या कामासाठी आली नाही.

पण पाचोडची माणसं यायला लागली. सरूबाईच्या बैलांचं चालणं सगळ्या बाजारानं पाहिलं होतं. आधी तिचा दीर आला, मग गावातला आणखी एक, मग कुठकुठून. दिवाळीपर्यंत गॅरेजात मोटारींपेक्षा बैलगाड्यांचे एक्सल जास्त दिसायला लागले. नूरची बायको फहमिदा म्हणायची, "मोटारवाले मिस्त्रीसे शादी हुई थी मेरी, अब बैलवाला हो गया." तो मान डोलवायचा आणि माप घ्यायला लागायचा. मोजताना आलेल्या माणसाला दर वेळी एक गोष्ट विचारायचा, "बैल किती वयाचे आहेत?" आणि उत्तराप्रमाणं एक्सल जाड की बारीक ते मला सांगायचा. कोवळ्या नाहीतर थकलेल्या जोडीला बारीक, म्हणजे ओझं कमी.